विचर ३ चं एंडिंग नक्की कुठे ठरतं? सिरी, येनेफर-ट्रिस, बॅरन, राजकारण आणि डीएलसी (नंतर आलेले जोड-भाग), वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विचर ३ हा गेराल्ट नावाच्या विचरचा, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणाऱ्या शिकाऱ्याचा गेम, त्यात तो स्वतः वाढवलेल्या सिरीला शोधत असतो. आधीच सांगतो, खाली स्पॉयलर आहेत आणि भरपूर आहेत. ज्यांनी गेम अजून सुरू पण केला नाहीये त्यांनी फक्त पहिले तीन प्रश्न वाचा आणि परत या, खरंच, कारण हा गेम पहिल्यांदा आंधळेपणाने खेळायची मजा आयुष्यात एकदाच मिळते.

विचर ३ ला एकूण एंडिंग किती आहेत? ३६ म्हणतात ते खरं का?

गेम १९ मे २०१५ ला आला, त्याच्या आधीपासून ३६ हा आकडा फिरतोय आणि तो बनवणाऱ्यांकडूनच, म्हणजे पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडकडूनच आलेला आहे. पण याचा अर्थ ३६ वेगवेगळे शेवटचे सीन आहेत असा नाही. खरे मोठे शेवट तीनच, आणि तिन्ही सिरीचे: ती विचर होते, ती सम्राज्ञी होते, किंवा ती परत येतच नाही. बाकी सगळं म्हणजे उत्तरेत युद्ध कोण जिंकलं, स्केलिगे बेटांच्या गादीवर कोण बसलं, गेराल्ट कोणाबरोबर राहिला, हे तुकडे त्या तिघांना जोडले जातात आणि शेवटी गेराल्टच्या कवी मित्राच्या, डँडेलायनच्या आवाजात चित्रं सरकतात त्यात एकेक करून येतात. तर जगाच्या अवस्था पुष्कळ, पण काळजाला लागणारे शेवट तीन.

गाईड बघून खेळू की तसंच?

पहिल्यांदा तसंच. दुसऱ्यांदा गाईड. फक्त कुठली क्वेस्ट (मोहीम) कधी बंद होते तेवढं आधी माहीत असू दे, ते पुढच्या प्रश्नात स्पॉयलरशिवाय लिहिलंय.

स्पॉयलर नको, पण काही मिस होऊ नये असं पण वाटतं, काय करू?

'आयल ऑफ मिस्ट्स' ही मेन क्वेस्ट सुरू करायच्या आधी थांबा. गेम पण तिथे वॉर्निंग देतो आणि बहुतेक लोक ती वॉर्निंग ढकलून पुढे जातात कारण तोपर्यंत सिरीला शोधायची एवढी घाई झालेली असते की बाकी काही सुचत नाही. तिथून पुढे बऱ्याच साइड क्वेस्ट फेल होतात. त्याआधी रोशची (टेमेरियाचा सैनिक) 'ॲन आय फॉर ॲन आय', डायक्स्ट्राची (जुना हेरप्रमुख) 'अ डेडली प्लॉट', आणि दोन जादूगारणी, ट्रिसची 'नाऊ ऑर नेव्हर', येनेफरची 'द लास्ट विश' आणि स्केलिगेतली गादीची भानगड 'किंग्ज गॅम्बिट' उरकून घ्या. कायरा मेट्झ या जादूगारणीचं सगळं पण संपवा आणि ती केअर मोर्हेनला, विचरांच्या किल्ल्यावर, येईल असं बघा. आणि एक वेगळी मॅन्युअल सेव्ह ठेवा, ऑटोसेव्हवर विसंबून राहू नका, ती पुढच्या दोन तासांत पुसली जाते.

इथून पुढे स्पॉयलर.

सिरी मेली! मी काय चुकलो?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि विचारणारा प्रत्येक जण खरोखर हादरलेला असतो. माझं पण पहिल्या वेळी हेच झालं होतं, रात्री दोनला गेम संपला आणि स्क्रीनवर क्रेडिट्स वर सरकत होते आणि मी नुसता बसून होतो, कारण मला वाटत होतं मी सगळं नीट केलंय. मी कोणाला फसवलं नव्हतं, साइड क्वेस्ट केल्या होत्या, गरिबांकडून पैसे घेतले नव्हते. पण गेम ते मोजतच नाही.

गेम मोजतो तो पाच छोटे प्रसंग, जे गेराल्ट आणि सिरीमध्ये घडतात. त्यातले तीन चांगले गेले तर सिरी वाचते, वाईट जास्त झाले तर नाही. ते पाच असे:

पहिला, केअर मोर्हेनच्या लढाईनंतर. गेराल्टचा गुरू वेसेमिर गेलाय, त्याची चिता झालीय आणि सिरी खिन्न होऊन बसलीय. गेराल्ट आत येतो. दोन ऑप्शन असतात, एक म्हणजे सगळंच जमायला पाहिजे असं काही नाही असं म्हणून तिच्याबरोबर दारू प्यायला बसणं आणि दुसरा, हिला काय केल्याने बरं वाटेल ते मला माहितीये असा. दुसरा निवडला की दोघं बाहेर बर्फात येतात आणि स्नोबॉलची मारामारी होते, साधा छोटा मिनीगेम. तो चांगला. दारूवाला वाईट.

दुसरा, व्हिझिमाला निल्फगार्डच्या, म्हणजे उत्तरेवर चालून आलेल्या साम्राज्याच्या, सम्राट एमहिरकडे. तिला तिथे नेलंच पाहिजे असं नाही, न नेता थेट वेलेनला पण जाता येतं, पण नेलं तर एमहिर मोबदल्याचे पैसे देऊ करतो. घेतले तर वाईट. तिच्या डोळ्यांसमोर तिला पोचवण्याचे पैसे घेतले असं होतं ते, विचार करा.

तिसरा, नोव्हिग्राडमध्ये जादूगारणींची लॉज, म्हणजे त्यांची गुप्त संघटना, सिरीला भेटायला बोलावते. मी पण येतो म्हणालात तर वाईट, तू एकटी जा म्हणालात तर चांगलं.

चौथा, सिरीबरोबर असलेल्या अवॅलॅक या एल्फची लॅब. सिरीला तिथे असं काही कळतं की तिचा संताप होतो आणि तिला सगळी फोडाफोड करायची असते. शांत हो म्हणालात तर वाईट, कर म्हणालात तर चांगलं. यात तर गेराल्ट पण तिच्याबरोबर सामान आपटतो, तो सीन मला फार आवडतो.

पाचवा, स्कियालची कबर. हा स्केलिगेतला पोरगा, सिरीसाठी लढला आणि गावाने त्याला भित्रा ठरवून त्याचं नाव टाकलं. नंतर येनेफरने माहिती काढायला त्याच्या मेलेल्या देहाला बोलतं केलं, ते पण गेराल्टसमोर. सिरीला त्याच्या कबरीपाशी जायचंय. वेळ नाही म्हणालात तर वाईट, तिच्याबरोबर गेलात तर चांगलं.

बास. एवढंच. शंभर तासांच्या गेममध्ये पाच वाक्यं.

पण 'मी पण येतो' म्हणणं वाईट कसं? मी तर तिची काळजीच करत होतो ना?

हाच तर सगळा मुद्दा आहे आणि मला या गेमबद्दल सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते इथेच. बाकीच्या बहुतेक आरपीजीमध्ये (एखादं पात्र होऊन खेळायच्या गेममध्ये) चांगलं-वाईटाचं मीटर असतं, म्हाताऱ्याला मदत केली की प्लस, चोरी केली की मायनस, आणि शेवटी हिशोब होतो. विचर ३ मध्ये असं मीटर नाही. गेम तुम्हाला विचारतो की ही मुलगी तुम्ही वाढवलीत, आता ती मोठी झालीय, तिच्यावर तुमचा विश्वास आहे का. लॉजच्या मीटिंगला बरोबर जाणं म्हणजे तिला एकटीने बोलता येणार नाही असं धरून चालणं. लॅबमध्ये शांत हो म्हणणं म्हणजे तुझ्या रागाला अर्थ नाही. दारू पाजणं म्हणजे जाऊ दे, तुला नाही जमत, ठीके.

आपल्याकडे हे फार ओळखीचं आहे. मुलगी कॉलेजच्या ॲडमिशनला गेली तरी बाबा बरोबर, बँकेत गेली तरी बाबा बरोबर, आणि तिच्याऐवजी काउंटरवर तेच बोलणार. प्रेमानेच करतात, त्यात खोट नाही. पण मग एक दिवस तिला एकटीला काहीतरी फार अवघड करायची वेळ येते आणि तेव्हा तिच्याजवळ काय शिल्लक असतं? गेमच्या शेवटी अक्षरशः हेच दाखवलंय. सिरी एकटी व्हाइट फ्रॉस्टमध्ये, जगं गोठवणाऱ्या थंडीत, चालत जाते, आपण बरोबर जाऊच शकत नाही, आणि चालताना तिला मागचे ते प्रसंग आठवत जातात. स्नोबॉल आठवतात, स्कियालची कबर आठवते, किंवा मग तिला थांबवलेलं, गप्प केलेलं आठवतं. त्या आठवणींवर ती परत येते किंवा येत नाही. मी पहिल्या वेळी बघितलं तेव्हा मला तो फक्त फ्लॅशबॅक वाटला होता, दुसऱ्या वेळी कळलं की हा माझा रिझल्ट वाचून दाखवतायत.

मग तिला सगळंच करू द्यायचं का, हो ला हो?

नाही, तसं पण नाही. पैसे न घेणं किंवा कबरीपाशी जाणं यात हो ला हो कुठेय? कुठे बरोबर राहायचं आणि कुठे मागे थांबायचं याचा हा खेळ आहे. कबरीपाशी बरोबर जायचं, मीटिंगला जायचं नाही. दोन्हीत तिलाच विचारून.

सम्राज्ञी एंडिंग कसं मिळतं?

सिरी जिवंत राहणं हे तर पाहिजेच. त्यावर अजून दोन गोष्टी: तिला एमहिरकडे व्हिझिमाला नेलेलं असलं पाहिजे, आणि उत्तरेतलं युद्ध निल्फगार्डने जिंकलं पाहिजे. निल्फगार्ड जिंकण्यासाठी 'रीझन ऑफ स्टेट' करायची, उत्तरेतल्या रादोविद राजाला संपवायचं आणि शेवटी रोश आणि त्याचे साथी व्हेस, थेलर यांच्या बाजूने उभं राहायचं. या दोनपैकी एक जरी चुकलं तर सिरी विचर होते.

रीझन ऑफ स्टेट मला मिळालीच नाही. बग आहे का?

बहुतेक बग नाहीये. दोन कारणं असतात. एक, वर लिहिलेल्या रोश आणि डायक्स्ट्राच्या क्वेस्ट आयल ऑफ मिस्ट्सच्या आधी झाल्या नाहीत. दुसरं कारण मला जास्त भारी वाटतं: 'ब्लाइंडिंगली ऑब्व्हियस' मध्ये फिलिपा या जादूगारणीच्या शोधात डायक्स्ट्राच्या हमामखान्यात गेल्यावर तो वाट अडवून उभा राहतो आणि एक ऑप्शन असतो त्याला जोरात ढकलून देण्याचा. घाईत आपण तो दाबतो, गेराल्ट त्याचा पाय मोडतो, दोन सेकंदांची ॲक्शन, मजा वाटते. पण त्यानंतर डायक्स्ट्रा तुमच्याशी कटबिट काही करत नाही, ती क्वेस्ट येतच नाही, रादोविद जिवंत राहतो आणि युद्ध जिंकतो. एका धक्क्याने अख्ख्या उत्तरेचा राजा ठरला. आणि गेम तिथे काही सांगत पण नाही की बाबा हे महत्त्वाचं होतं म्हणून.

डायक्स्ट्रा की रोश?

रादोविदला पुलावर फिलिपा मारते, त्यानंतर थिएटरमध्ये डायक्स्ट्रा उलटतो आणि सांगतो की रोशच्या मंडळींना मी आता मारणार, तू निघ. निघालात तर डायक्स्ट्रा उत्तर एकत्र करतो, निल्फगार्ड हरतं आणि एमहिरचे स्वतःचेच लोक त्याचा काटा काढतात. थांबलात तर डायक्स्ट्रा मरतो, निल्फगार्ड जिंकतं आणि टेमेरिया मांडलिक म्हणून का होईना परत उभी राहते.

राजकारण म्हणून बघितलं तर डायक्स्ट्राचा प्लॅन वाईट नाहीये, बरेच लोक म्हणतात उत्तरेसाठी तोच बरा. पण मला ते कधी जमलं नाही. व्हेस आणि रोश तिथे समोर उभे आहेत, आत्ताच एकत्र लढलो, आणि मी दार उघडून निघून जायचं? नाही. इथे गेम राज्यशास्त्र विचारत नाही, माणसाला सोडून जाल का एवढंच विचारतो, असं माझं मत.

आणि रादोविद जिंकला तर?

मग जादूगार, एल्फ, ड्वार्फ यांचे हाल. चिता पेटलेल्याच राहतात. नोव्हिग्राडच्या चौकात सुरुवातीलाच जे बघितलं ते सगळीकडे.

बॅरनच्या क्वेस्टमध्ये बरोबर उत्तर कुठलं?

बरोबर उत्तर नाहीये आणि ज्याने कोणी ही क्वेस्ट लिहिली त्याला माझा सलाम.

थोडक्यात, बॅरन म्हणजे वेलेनचा सरदार, त्याची बायको ॲना दलदलीतल्या तीन चेटकिणींच्या, क्रोन्सच्या, तावडीत आहे. टेकडीवरच्या झाडाखाली एक आत्मा अडकलाय आणि तो म्हणतो मला सोड, मी दलदलीतल्या त्या अनाथ पोरांना वाचवतो. क्रोन्स म्हणतात त्याला मार. सोडलंत तर तो खरंच पोरांना वाचवतो, पण डाउनवॉरन गाव उद्ध्वस्त होतं, आणि क्रोन्स पोरं गेल्याचा राग ॲनावर काढतात, तिला वॉटर हॅग, म्हणजे दलदलीतली राक्षसीण, करून टाकतात. शाप काढला तरी ती जगत नाही आणि बॅरन परत येऊन स्वतःच्याच वाड्यातल्या झाडाला गळफास घेतो. मारलंत तर पोरं जातात, ॲना वाचते पण तिचं डोकं फिरलेलं असतं, आणि बॅरन तिला घेऊन निळ्या डोंगरातल्या एका वैद्याकडे निघतो, दारू सोडतो म्हणतो.

मी पहिल्या वेळी आत्म्याला सोडलं कारण पोरं. नंतर क्रोज पर्चला, बॅरनच्या वाड्यावर, आलो आणि झाडाला लटकलेला बॅरन बघितला. हा माणूस बायकोला मारायचा, दारू पिऊन तिचं बाळ पडेपर्यंत मारलं त्याने, त्याच्यासाठी मला वाईट वाटायचं कारण नव्हतं. तरी वाटलं. मी त्या अंगणात बराच वेळ काहीच न करता उभा होतो, खाली कोंबड्या फिरत होत्या.

लोक भांडतात की कुठला रिझल्ट चांगला, पोरं की बॅरन-ॲना. भांडू दे. मला स्वतःला आजही पोरंच. आणि हो, याने सिरीच्या एंडिंगवर काहीही फरक पडत नाही, हा शेवट त्याचा त्याचा पूर्ण आहे.

सेव्ह लोड करून चांगला रिझल्ट का निघत नाही?

कारण हिशोब तासन्‌तास नंतर येतो. बाकीच्या गेममध्ये ऑप्शन निवडला, वाईट झालं, लोड केलं, दुसरा निवडला असं चालतं. इथे टेकडीवर निवडलं त्याचं फळ अजून बरंच खेळून झाल्यावर समोर येतं, तोपर्यंत तुम्ही चार कॉन्ट्रॅक्ट केलेत, तीन लेव्हल वर गेलात, ग्वेंटचे पत्ते जिंकलात, कोण परत जाणार? मुद्दाम असं केलंय. काही डायलॉगवर तर टायमरची पट्टी सरकत असते, विचार करायला पण वेळ नाही.

गेमला हे सगळं लक्षात कसं राहतं? तांत्रिक सांगा जरा.

फार जादू नाहीये. त्यांच्या रेडइंजिनमध्ये 'फॅक्ट' नावाची यादी असते. तुम्ही काही ठरवलंत की एका फॅक्टला आकडा लागतो: डायक्स्ट्राला ढकललं, हो. स्नोबॉल खेळले, हो. पुढची क्वेस्ट, पुढचा डायलॉग, शेवटचं चित्र, सगळे ती यादी तपासून ठरवतात मी दिसू की नको. पीसीवर डिबग कन्सोल चालू केला की 'ॲडफॅक्ट' अशी कमांड पण आहे, मॉडवाले वापरतात.

म्हणजे आतून बघितलं तर नुसते टिक मार्क. पण टिक कुठे मारायचा हे कोणीतरी बसून ठरवलंय ना, की दारू पिण्याला मारायचा आणि राक्षस किती मारले त्याला नाही. कारागिरी तिथे आहे.

येनेफर की ट्रिस?

तुमचं तुम्ही बघा, पण दोघी नको. ट्रिससाठी नोव्हिग्राडच्या बंदरावर 'नाऊ ऑर नेव्हर' च्या शेवटी तिला थांबवून प्रेम आहे असं सांगावं लागतं. येनेफरसाठी स्केलिगेत 'द लास्ट विश', जिन्नाची क्वेस्ट (दोघं जिन्नाच्या जादूने एकमेकांना बांधलेले असतात), त्यात शेवटी जादू उतरल्यावर ती विचारते आता काय वाटतं, तेव्हा हो म्हणायचं. दोघींना हो म्हणालात तर नंतर 'इट टेक्स थ्री टू टँगो' नावाची क्वेस्ट येते, किंगफिशर खानावळीत दोघी तुम्हाला बोलावतात, सगळं फार छान चाललंय असं वाटतं, आणि मग गेराल्टला पलंगाला बांधून दोघी निघून जातात. शेवटी गेराल्ट एकटा.

येनेफर निवडली तर शेवटी ते दोघं राजकारणापासून लांब कुठेतरी शांतपणे राहतात. ट्रिस निवडली तर कोव्हिर. मी येनेफरवाला आहे, आणि सगळ्या जिन्नाच्या जादूनंतर पण आपल्याला तीच आवडते हे स्वतःहून सांगायला मिळणं ही माझ्या मते अख्ख्या गेममधली सगळ्यात सुंदर प्रेमाची गोष्ट आहे.

स्केलिगेत कोणाला राजा करू?

'किंग्ज गॅम्बिट' मध्ये केअर ट्रोल्डच्या मेजवानीत अस्वलं घुसतात, कत्तल होते, आणि ती कोणी घडवली ते शोधायचं असतं. केरिसबरोबर शोध घेतला तर केरिस राणी, तिचा भाऊ हियालमारबरोबर पाठलाग केला तर तो राजा, दोघांना नाही म्हणालात तर आधीच्या राजाची विधवा बिर्ना, तिचा मुलगा स्व्हानरिगे.

केरिस. माझ्यासाठी यात वाद नाही. हियालमार शूर आहे पण त्याला लढायचंच आहे आणि तो स्केलिगेला युद्धातच नेतो. केरिस डोकं वापरते, त्याआधीच्या 'पझेशन' क्वेस्टमध्ये उदालरिक या सरदाराच्या मानगुटीवर बसलेल्या 'हिम' नावाच्या पिशाच्चाला तिने ज्या युक्तीने फसवलं ते बघूनच मी ठरवलं होतं, लहान बाळाला पेटत्या भट्टीत टाकायला लावते आणि गेराल्टने तिच्यावर विश्वास ठेवून ते करायचं. हात थरथरतात. बाळाला काही होत नाही, घाबरू नका.

वेसेमिरला वाचवता येतं का?

नाही. काहीही केलं तरी नाही. गेराल्टचा सोबती विचर लॅम्बर्टला मात्र वाचवता येतं, कायरा लढाईला आलेली असेल तर ती त्याच्या मदतीला धावते.

विचर २ ची सेव्ह लागते का?

लागत नाही. नवा गेम सुरू करताना विचर २ ची सेव्ह सिम्युलेट करा असा ऑप्शन आहे, तो ऑन ठेवला तर व्हिझिमाच्या राजवाड्यात मोरव्हरान व्होरिस हा निल्फगार्डचा सेनापती जुने प्रश्न विचारतो आणि तिथे उत्तरं देता येतात. लेथोला, म्हणजे विचर २ मधल्या राजांना मारणाऱ्या विचरला, जिवंत सोडलं होतं असं सांगा. मग वेलेनमध्ये तो भेटतो आणि केअर मोर्हेनच्या लढाईला येतो, एवढा मोठा धिप्पाड माणूस आपल्या बाजूने, बरं वाटतं.

डीएलसीचे शेवट वेगळे आहेत का?

हो, स्वतंत्र. 'हार्ट्स ऑफ स्टोन' ऑक्टोबर २०१५ मध्ये आलं. त्यात शेवटी सैतानासारखा गॉन्टर ओ'डिम त्याच्याशी करार केलेल्या ओल्गिर्डचा आत्मा न्यायला येतो आणि तुम्ही बाजूला उभे राहून नेऊ देऊ शकता आणि बक्षीस घेऊ शकता, किंवा मध्ये पडून कोड्याची पैज लावू शकता. मध्ये पडा. हरलात तर तुम्ही पण जाता, पण कोड्याचं उत्तर प्रतिबिंब आहे, आरसे तो फोडत जातो म्हणून पाणी शोधायचं, एवढं लक्षात ठेवा.

'ब्लड अँड वाइन' ३१ मे २०१६ ला आलं, आणि तिथे तूसाँ नावाचं राज्य. इथे पण सगळं दोन बहिणींवर येतं, तिथली डचेस ॲना हेन्रिएटा आणि सियाना. दोघी जिवंत हव्या असतील तर पहिलं म्हणजे अनसीन एल्डर या जुन्या व्हॅम्पायरकडे न जाता सियानाला शोधायला परीकथेच्या जगात जा, आणि तिथे 'लिटल फ्लिंट गर्ल' नावाच्या मुलीबरोबर ग्वेंट खेळून ती रिबन मिळवा. ती रिबन सियानाकडे असेल तर व्हॅम्पायर डेटलाफ मारायला येतो तेव्हा ती गायब होऊन वाचते. रिबन नसेल तर तिथेच संपते. लोक ग्वेंट कंटाळवाणं म्हणून सोडून देतात आणि मग रडतात.

दुसरं, ते झाल्यावर घाई करून समारंभाला जाऊ नका. सियानाच्या यादीत पाचवं नाव कोणाचं होतं ते आधी शोधून काढा आणि मग कोठडीत तिच्याशी नीट बोला, बहिणीला माफ कर असं सांगा. न बोलता गेलात तर भर समारंभात सियाना बहिणीला मारते आणि तिला पण बाण लागतो. पुन्हा तेच बघा, तलवार किती चांगली चालवता त्याने काही ठरत नाही, कोठडीत बसलेल्या एका चिडलेल्या बाईचं ऐकून घेतलं का त्याने ठरतं.

आणि सगळ्यात शेवटी कोर्वो बियांकोला, तुमच्या द्राक्षमळ्यावर, कोणीतरी येतं. येनेफर, ट्रिस, सिरी किंवा डँडेलायन, मेन गेममध्ये काय केलं त्यावर.

न्यू गेम प्लसमध्ये जुने निर्णय राहतात का?

नाही. लेव्हल आणि सामान येतं, निर्णय परत घ्यावे लागतात.

वाईट एंडिंग मुद्दाम बघावं का?

यूट्यूबवर बघू नका, बघायचंच तर खेळून बघा. त्यात गेराल्ट एकटा क्रूकबॅक बॉगमध्ये जातो, वाचलेल्या शेवटच्या क्रोनला मारायला, कारण वेसेमिरचं पदक तिच्याकडे राहिलंय. सिरीने गळ्यात घातलेलं ते पदक. तो तिला मारतो, पदक घेतो, झोपडीत बसतो आणि बाहेरून राक्षस जवळ येत असतात आणि तो उठत नाही. मेलोड्रामा नाही, संगीत वाजवून रडवणं नाही. मी ते एकदाच बघितलं आणि पुरेसं झालं.

विचर की सम्राज्ञी, सिरीसाठी कुठलं चांगलं?

यावर माझं माझ्याशीच भांडण आहे. सम्राज्ञीमध्ये तिच्या हातात खरी ताकद येते, युद्ध भोगलेल्या लोकांसाठी ती काहीतरी करू शकते, आणि ती स्वतः विचार करून जाते, तिला कोणी ओढून नेत नाही. व्हाइट ऑर्चर्डमध्ये दोघं शेवटची शिकार करतात, गप्पा मारतात, आणि मग खानावळीत ती सांगते. बाहेर निल्फगार्डचे लोक थांबलेले. दुःख होतं पण चुकीचं वाटत नाही, मुलीला सासरी पाठवताना होतं तसं म्हणता येणार नाही कारण ती राज्य करायला चाललीय, पण घर रिकामं होतं ते तेच.

विचरमध्ये गेराल्ट एमहिरला सांगतो की सिरी गेली, आणि मग व्हाइट ऑर्चर्डच्या लोहाराकडून चांदीची तलवार घेतो. तिच्यावर झिरेएल असं कोरलेलं असतं, एल्फांच्या भाषेत तिचंच नाव, म्हणजे भिंगरी, ती दुहेरी शेपटीची चिमणीएवढी पाखरं असतात ना पावसाआधी तारांवर ओळीने बसतात ती. खानावळीत जातो तर सिरी बसलेली असते. तलवार देतो. ती म्यानातून काढून बघते.

माझ्या सेव्हमध्ये विचर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये विचर ४ ची घोषणा झाली आणि ट्रेलरमध्ये सिरीच, पाठीवर तलवार, गावाबाहेर राक्षसाच्या मागे एकटी चाललेली. मी ट्रेलर थांबवून पहिल्यांदा तिच्या पाठीकडेच बघितलं.

एंडिंग नंतर पुढे खेळता येतं का?

येतं. क्रेडिट्सनंतर जग परत उघडतं, राहिलेली कॉन्ट्रॅक्ट, खजिने, डीएलसी सगळं करता येतं. कोर्वो बियांकोची ती भेट सोडली तर सिरी मात्र भेटत नाही.